पांढरे आणि काटेरी

ॲन्सेल्मने बाटलीचं बूच दातांनी ओढून काढलं. टर्पेंटाइनची धार रेड्याच्या खांद्यावर पडणार, तेवढ्यात मार्सेलने त्याचं मनगट धरलं.

"ओतू नकोस."

"किडे पडलेत."

"दिसतंय मला. डोळे आहेत."

मार्सेल हा ॲन्सेल्मच्या बायकोचा थोरला भाऊ. बायको, कार्मिन, आठ महिन्यांपूर्वी गेली, आणि तेव्हापासून दोघांमध्ये रहाटाच्या पाळीपुरतंच बोलणं उरलं होतं. वाडी दोघांची अर्धी अर्धी. विहीर एक, रहाट एक आणि तो ओढणारा मंगळ्या रेडाही एकच. सकाळी पाणी ॲन्सेल्मच्या केळींना, दुपारनंतर मार्सेलच्या. ईस्टर होऊन दोन आठवडे झाले होते. एक दिवस पाणी चुकलं तरी केळीची पानं कडेने करपायला लागत. म्हणून मंगळ्याचा खांदा जुवाखाली सोलला गेला, तरी दोघांनीही त्यावर गोणपाटाची घडी ठेवून त्याला आठवडाभर तसंच जुंपलं होतं. आज घडी उचलली तेव्हा वास आला.

जखम तळहाताएवढी होती. आत पांढरे किडे दाटीवाटीने वळवळत होते. त्यांच्यामध्ये पाच-दहा वेगळे होते. रंगाने मळकट, अंगावर फणसाच्या सालीसारख्या काट्यांच्या रांगा. ॲन्सेल्म बघत असतानाच एका काटेरी किड्याने एका पांढऱ्याला विळखा घातला. पांढरा दोन-तीनदा तडफडला. मग त्याचं अंग सैल पडलं आणि थोड्या वेळाने नुसती साल उरली. काटेरी किडा पुढच्याकडे वळला.

ॲन्सेल्मने बाटली खाली घेतली.

"बघितलंस?" मार्सेल म्हणाला. "काटेरी पांढऱ्यांना खातात. दोन दिवसांत एक पांढरा शिल्लक राहणार नाही. मग यांचं पोट भरलं की हे आपोआप गळून पडतात. औषध नको, पाणी नको. बाबांनी बैलाला असंच केलं होतं."

ॲन्सेल्मने बूच पुन्हा लावलं.

मार्सेलची बायको लिडिया बादली घेऊन गोठ्याच्या दाराशी उभी होती. तिने बाटलीकडे बघितलं.

"जनावराला बरं लगेच औषध आणलं जावयाने," ती म्हणाली. "माणसाच्या वेळी दुकान बंद होतं वाटतं."

"लिडिया," मार्सेल म्हणाला. पण तिला थांबवण्यासारखा तो आवाज नव्हता.

"मी काय खोटं बोलले? हे काटेरी तरी कुठून आले? ह्यांच्याच गावाकडून. कामणहून जे जे आलं ते खायलाच आलं."

लढाईच्या दिवसांत कामणच्या माळावर पलटणीची खेचरं बांधलेली असत. काटेरी किडे त्या खेचरांबरोबर आले, त्याआधी आपल्याकडे फक्त पांढरे होते, असं गावात म्हणत. खरं-खोटं कोणी तपासलं नव्हतं. ॲन्सेल्मही कामणचा. लढाई संपत आली त्या वर्षी तो कार्मिनशी लग्न करून सासऱ्याच्या घरी राहायला आला. त्याला सात वर्षं झाली होती. त्याने लावलेली केळी आता तिसऱ्यांदा घड देत होती. तरी गावात कोणी त्याच्याबद्दल बोललं की आधी 'तो कामणचा' असंच म्हणे.

"दोन दिवस याला जुंपायचं नाही," मार्सेल म्हणाला. "आणि हात लावायचा नाही. रेडा माझ्या गोठ्यात आहे, मी बघतो. रविवारी मिस्सानंतर क्रुसापाशी ये. चार जाणते असतील, फादर असतील."

"कशाला?"

"कशाला ते तुला ठाऊक आहे."

ॲन्सेल्मला ठाऊक होतं. सासरा सेबॅस्टियन मरताना अर्धी वाडी कार्मिनला देऊन गेला होता. कागद नव्हता. खाटेभोवती उभ्या असलेल्या चार माणसांसमोर तोंडी दिली होती. कार्मिनला मूल नव्हतं. मार्सेलचं म्हणणं, वाडी बहिणीला दिली होती, कामणच्या माणसाला नाही. बहीण गेली, आणि ती याच्यामुळे गेली. पाय कुजेपर्यंत याने तिला घरात ठेवली. गावातले दोघे-तिघे म्हणत, माणूस सात वर्षं त्या मातीत राबला, त्याला कसं काढणार? त्याने बायकोचं सगळं नीट केलं असेल तर वाडी त्याची. तेव्हा सगळं येऊन थांबलं होतं ते कार्मिन कशी मेली यावर.

ॲन्सेल्म बाटली घेऊन आपल्या बाजूला गेला.

*

त्या दिवशी त्याने कावडीने पाणी घातलं. विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या, डबे भरायचे, चढायचं, पाटाच्या कडेने चालत जायचं आणि आळ्यात ओतायचं. दुपारपर्यंत चार ओळी झाल्या. खांद्याची कातडी लाल झाली तेव्हा तो केळीच्या सावलीत बसला. समोर बांबूचं कुंपण होतं. तिथल्याच एका कापलेल्या खुंटावर गेल्या ऑगस्टमध्ये कार्मिनचा पाय पडला होता.

तिला साखरेचा आजार होता. पायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या थांबल्या. खुंट टाचेत गेला तो तिला कळलाच नाही. रक्ताची पावलं ओसरीवर दिसली तेव्हा कळलं. पाऊस चालू होता. जखम वाळेना. फडकं बांधलं, बदललं, पुन्हा बांधलं. एक दिवस फडकं सोडलं तर आत पांढरे किडे.

ॲन्सेल्मने चिमटा घेतला. तीन दिवस तो ओसरीवर तिचा पाय मांडीवर घेऊन बसला आणि एकेक किडा काढून टर्पेंटाइनच्या डबीत टाकत राहिला. काढावेत तेवढे पुन्हा होत. चौथ्या दिवशी काटेरी दिसले. ॲन्सेल्मने चिमटा पुढे केला तेव्हा कार्मिनने पाय मागे ओढला.

"थांब. हे काढू नकोस. हे पांढऱ्यांना खातात. बाबांच्या बैलाला असेच ठेवले होते. चार दिवसांत बैल चरायला गेला."

"खरं?"

"मी आणि दादा रोज जाऊन बघायचो."

तो थकला होता. त्याला ऐकून बरंच वाटलं. दोघं वाकून बघत बसली. एका काटेरी किड्याने पांढऱ्याला धरलं तेव्हा कार्मिन म्हणाली, "बघ, तुझ्या गावचा माझ्या गावच्याला खातोय."

पांढरे संपले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने फडकं सोडलं तेव्हा फक्त काटेरी उरले होते, आणि ते वर दिसत नव्हते. सगळ्यांची तोंडं आत होती. त्याने एक ओढला तर त्याच्याबरोबर मासाचा तुकडा आला. खाली पांढरं काही दिसलं. त्याला आधी वाटलं, किडा आहे. ते हाड होतं.

बैलगाडीने स्टेशन, तिथून मुंबईचं इस्पितळ. डॉक्टरांनी पाय घोट्यावर कापला, मग गुडघ्यावर. नवव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, किती दिवस हे असं होतं? "लक्षात आलं नाही," तो म्हणाला होता. मग फादरनी विचारलं, मार्सेलने विचारलं, गावाने विचारलं. सगळ्यांना त्याने तेच सांगितलं. लक्षात न येणारा नवरा निष्काळजी ठरतो. बघत बसलेला नवरा काय ठरतो, हे त्याला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

निघताना कार्मिनने सांगितलं होतं, दादाला पाय दाखवू नकोस. भावाबहिणीत तेव्हा वाडीवरून अबोला होता. मार्सेलने बहिणीला पाहिलं ते गाडीत, गळ्यापर्यंत चादर ओढलेली.

ॲन्सेल्म उठला आणि पुन्हा कावड उचलली.

*

शुक्रवारी सकाळी तो मार्सेलच्या गोठ्याशी गेला. आपण का आलो हे त्याने ठरवलं नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

मंगळ्या मान खाली घालून उभा होता. पुढ्यातलं गवत तसंच होतं. याची आई व्याली त्याच दिवशी मेली तेव्हा कार्मिनने याला फडक्याच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं. एरवी ॲन्सेल्मची चाहूल लागली की तो कान हलवी. आज हलवले नाहीत.

मार्सेल आत होता. तो खुशीत दिसला.

"आलास? ये, बघ. एक पांढरा उरला नाही."

ॲन्सेल्म जवळ गेला. जखमेत फक्त काटेरी होते. तोंडं आत खुपसलेली, शेपट्या बाहेर, एकाला एक चिकटून. काल जखमेची कड कोरडी होती. आज तिथे ताजं रक्त होतं.

तो बघत राहिला. त्याच्या मनात आलं, बोलायचं कशाला? हात लावायचा नाही असं यानेच सांगितलंय. उद्यापर्यंत खांदा जाईल, परवापर्यंत रेडा पडेल. रविवारी क्रुसापाशी येणारी माणसं आधी या गोठ्यावरून येतील. कोण काय कुजू देतं ते त्यांना दिसेल. हा विचार त्याने अर्ध्यात तोडला नाही, शेवटापर्यंत जाऊ दिला. मंगळ्याने एक पाय उचलला आणि पुन्हा ठेवला.

"काढ ते," ॲन्सेल्म म्हणाला.

"काय?"

"काटेरी. आत्ता काढ."

"तुला काल सांगितलं ना? गळून पडतील."

"पांढरे आहेत तोवर पांढरे खातात. पांढरे संपले की मास खातात. जिवंत मास. आज काढले नाहीस तर उद्या हाडाला लागतील."

"मोठा गुरांचा डॉक्टर लागून गेलास. कोणी सांगितलं तुला?"

"मी बघितलंय."

"कुठे?"

मागच्या अंगणात लिडिया मिरच्या कुटत होती. मुसळाचा आवाज थांबला.

"कार्मिनच्या टाचेत."

मार्सेलच्या हातात वेसणीची दोरी होती. ती त्याने सोडली नाही, पण मुठीत आवळली.

"मी सोडले होते," ॲन्सेल्म म्हणाला. "तीन दिवस पांढरे काढले. मग काटेरी आले, ते पांढऱ्यांना खायला लागले, म्हणून सोडले. अडीच दिवस. बघत बसलो होतो."

मार्सेल इतका जवळ आला की त्याचा श्वास ॲन्सेल्मच्या तोंडावर आला.

"आठ महिने मी विचारतोय. कबरीत माती टाकली त्या दिवशी विचारलं. तू म्हणालास, लक्षात आलं नाही."

"खोटं बोललो."

"हेच रविवारी सगळ्यांसमोर बोलशील?"

"बोलेन. आधी हे काढ."

"तुझी वाडी जाईल."

"जाऊ दे. डोकं घट्ट धर त्याचं. एकट्याला जमणार नाही."

एक ठोसा बसेल या तयारीने ॲन्सेल्मने दात आवळले होते. पण मार्सेल वळला. त्याने मंगळ्याचं शिंग काखेत घेतलं आणि डोकं खांबाशी दाबून धरलं. ॲन्सेल्मने खिशातून चिमटा काढला. घरून निघताना तो खिशात घातला होता, म्हणजे काहीतरी ठरवलंच असणार.

लिडियाने दारातून एक डबा आत सरकवला आणि तिथेच उभी राहिली. तिच्या हाताला मिरचीचा रंग होता.

काटेरी किडे सरळ ओढून निघत नव्हते. काटे मासात रुतत. चिमट्याने धरायचं, थोडं पिळायचं, मग ओढायचं. प्रत्येक वेळी मंगळ्याच्या कातडीतून एक थरथर जाई आणि मार्सेल त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटे. डब्यात टर्पेंटाइन होतं. किडा पडला की दोन वेटोळी घेई आणि ताठ होई. ॲन्सेल्मचा हात बसलेला होता. मार्सेल आधी किड्यांकडे बघत होता. मग त्या हाताकडे बघायला लागला.

"एक विचारू?" तो म्हणाला. आवाज खाली आला होता.

"विचार."

"ते सोडायचे असतात, हे तुला कोणी सांगितलं?"

ॲन्सेल्मने पिळून एक किडा काढला, डब्यात टाकला.

"कोणी नाही. माझं मीच ठरवलं."

"कामणला तसं करतात?"

"हो."

"खोटं. कामणच्या वैदूकडून मी स्वतः औषध आणलंय. तो एक किडा ठेवत नाही."

ॲन्सेल्मने मान वर केली नाही. त्याने पुढचा किडा चिमट्यात धरला.

"बाबांच्या बैलाच्या वेळी तू इथे नव्हतास," मार्सेल म्हणाला.

"नव्हतो."

"मी होतो. आणि कार्मिन."

"हालू देऊ नकोस त्याला," ॲन्सेल्म म्हणाला. "मोठा आहे हा."

मार्सेलने तोंड मंगळ्याच्या मानेकडे वळवलं. त्याची पकड ढिली झाली आणि रेड्याने डोकं झटकलं, तेव्हा लिडिया आत आली आणि तिने दुसरं शिंग धरलं.

शेवटचा किडा निघाला तेव्हा जखमेच्या तळाशी लाल मास दिसत होतं. हाड नव्हतं. ॲन्सेल्मने मिठाच्या पाण्याने जखम धुतली. लिडियाने सीताफळाचा पाला वाटून आणला, तो वर थापला आणि स्वच्छ फडकं बांधलं. मार्सेल डबा घेऊन मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. ॲन्सेल्मने हात धुतले आणि कुंपणाच्या फटीतून आपल्या बाजूला गेला.

*

ऊन डोक्यावर आलं होतं. वेळ मार्सेलच्या पाण्याची होती. मंगळ्याला पंधरा दिवस तरी जुंपता येणार नव्हतं. ॲन्सेल्म ओसरीवर बसला होता तिथून विहीर दिसत होती. मार्सेल रहाटाच्या दांडीशी गेला. जिथे जू बांधायचं तिथे त्याने छाती लावली आणि रेटलं. चाक करकरलं, हात-दीड हात फिरलं आणि भरलेल्या गाडग्यांच्या वजनाने मागे आलं. मार्सेलने पाय रोवले, पुन्हा रेटलं. पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी दांडी मागे आली ती त्याच्या बरगडीत बसली. तो वाकून उभा राहिला.

ॲन्सेल्म उठला. तो गेला आणि दांडीच्या आतल्या बाजूला उभा राहिला. मार्सेलने त्याच्याकडे पाहिलं नाही. दोघांनी एकदम जोर केला. चाक सुटलं. पहिलं गाडगं वर आलं, कलंडलं आणि पाणी पन्हळीत पडलं.

रेडा चालतो त्या वाटेवर मधोमध खोलगट चर पडलेला होता. माणसाच्या पावलांना तो नीट जमत नव्हता. दोघं अडखळत चालत होते. पाच-सहा फेऱ्या झाल्या.

"रविवारी येऊ नकोस," मार्सेल म्हणाला.

"का?"

"कोणी बोलावलं नाही तुला."

"काल तर तू–"

"फादरना मी सांगतो. तू तोंड उघडायचं नाहीस. कोणापुढेच नाही."

"बरं."

"आणि त्यामुळे आपलं काही गोड झालं असं समजू नकोस."

"नाही समजत."

पाणी पाटातून मार्सेलच्या केळींकडे निघालं होतं. लिडिया टोकाला फावडं घेऊन उभी होती आणि एकेक आळं उघडत होती. आणखी चार फेऱ्या झाल्या. मार्सेलच्या सदऱ्याची पाठ भिजून काळी झाली होती.

"तिला दुखत होतं का?" त्याने विचारलं.

आठ महिन्यांत कोणी ॲन्सेल्मला हे विचारलं नव्हतं. किती दिवस, कोणाची चूक, कोणता डॉक्टर, हे सगळं विचारलं होतं. नाही म्हणणं सोपं होतं.

"आधी नाही. टाच सुन्न होती," तो म्हणाला. "गाडीत बसल्यावर दुखायला लागलं. स्टेशनपर्यंत ती तुला हाका मारत होती."

मार्सेल थांबला नाही. त्याने दांडीला असा रेटा दिला की ॲन्सेल्मला तिच्याबरोबर राहायला धावावं लागलं.